जुनी जर्मन शिकारी बंदूक नेमकी कोणी बनवली, हे शोधायचं कसं

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर जे नाव झोकात कोरलेलं असतं ते बघून लगेच गूगल करायला बसू नका. बऱ्याचदा ते नाव दुकानदाराचं असतं. बर्लिन, ब्रेस्लाऊ, कोलोन, ड्रेस्डेन, म्युनिक, अशा कुठल्यातरी शहरातला बंदुकवाला, त्याने बंदूक तयार मागवली, वर आपलं नाव घातलं आणि गिऱ्हाइकाला विकली. साडीच्या बॉक्सवर दुकानाचं नाव असतं, विणकराचं नसतं, तसाच प्रकार. आणि ते नाव शोधून काही सापडलं नाही की लोक म्हणतात "मेकर अननोन" आणि विषय सोडून देतात, खरं तर शोध तिथून सुरू व्हायला हवा.

मुळात जर्मनीत शिकारी बंदुका बनायच्या कशा हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. थुरिंगियाच्या डोंगराळ भागात सूल नावाचं गाव आणि त्याच्या शेजारी झेला आणि मेलिस ही दोन गावं, जर्मन शिकारी बंदुकांचं खूप मोठं काम या एवढ्याशा पट्ट्यात चालायचं. सॉअर, हेनेल, सिमसन यांच्यासारखे मोठे कारखाने होतेच, पण त्यांच्या आजूबाजूला छोटे छोटे वर्कशॉप होते, एक जण फक्त नळ्या करणार, दुसरा अ‍ॅक्शनची बॉडी, म्हणजे नळ्या ज्याला जोडल्या जातात तो धातूचा मधला भाग, घासून बसवणार, तिसरा लॉक म्हणजे बार उडवणारी यंत्रणा करणार, चौथा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवणार, पाचवा हरणं आणि रानडुकरं कोरणार, आणि मग कोणीतरी हे सगळं गोळा करून एक बंदूक म्हणून विकणार. त्यामुळे "कोणी बनवली" याचं उत्तर कित्येक वेळा एक नाव नसून तीन-चार नावं असतात आणि त्यातली एक-दोन मिळाली तरी काम झालं समजायचं.

बंदूक हातात घेण्याआधी दोन गोष्टी, थोडक्यात सांगतो पण टाळू नका. एक, ती रिकामी आहे का हे स्वतः उघडून बघा, "ती कधीच भरलेली नसते" असं घरच्यांनी सांगितलं तरी बघा. ड्रिलिंग असेल तर तीन नळ्या असतात, वरच्या दोन छर्‍याच्या आणि खाली एक रायफलची, तिन्ही बघायच्या. दुसरं, भारतात असाल तर "अँटिक आहे म्हणून लायसन्स लागत नाही" हा समज डोक्यातून काढा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे पण ती जुन्या पद्धतीच्या, पुरातन किंवा मोडक्या हत्याराला, आणि तेही दुरुस्त करूनसुद्धा वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. काडतूस टाकून उडू शकणारी १९२० ची दुनळी ही कायद्याने बंदूकच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात हेही लक्षात ठेवा, वाड्यावर चार पडलेल्या असतील तर आधी वकिलाशी बोला, इतिहास नंतर. अमेरिकेत किंवा जर्मनीत राहणाऱ्यांनी आपापल्या ठिकाणचा नियम बघावा.

आता बंदूक खोला. म्हणजे स्क्रू नाही हां, स्क्रूला हातच लावू नका, जर्मन स्क्रूच्या खाचा बारीक असतात आणि आपल्या घरातल्या स्क्रूड्रायव्हरने त्या फाटतात, मग ती बंदूक कोणत्याही जाणकाराला दाखवली की आधी तेच दिसतं. नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग खटक्याने निघतो, तो काढायचा, वरची लिव्हर ढकलून बंदूक मोडायची आणि नळ्या अलगद उचलून बाजूला घ्यायच्या. एवढं पुरतं. नळ्यांच्या मागच्या टोकाला खालच्या बाजूला जो सपाट भाग दिसतो, आणि अ‍ॅक्शनवर त्याच्यासमोर येणारी जी सपाट जागा असते, तिथे सगळा मजकूर आहे.

साफ करायचं तर सुती फडकं आणि थोडं तेल, बस. चिंच, पितांबरी, ब्रासो, पॉलिश पेपर यातलं काहीही नको. देवघरातली समई नाहीये ती. एकदा ते शिक्के घासले गेले की परत येत नाहीत. गंजात अक्षर दिसत नसेल तर खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च एका बाजूने अगदी आडवा धरा आणि दुसऱ्या मोबाईलने फोटो काढा, टॉर्च थोडा थोडा फिरवत चार-पाच फोटो घ्या, एका अँगलला जे अक्षर ओ वाटतं ते दुसऱ्या अँगलला जी निघतं. फोटोत शेजारी पट्टी ठेवा म्हणजे साइज कळतो.

आता शिक्के. जर्मनीत प्रूफचा, म्हणजे जास्तीचा बार भरून नळी तपासण्याचा, देशभरासाठीचा कायदा १८९१ ला झाला आणि १ एप्रिल १८९३ पासून लागू झाला. त्याआधीच्या बंदुकीवर हे शिक्के नसणार, किंवा मुकुटाखाली व्ही दिसेल, म्हणजे कायदा आला तेव्हा ती बंदूक आधीच तयार होऊन पडलेली होती. बाकी सगळे शिक्के पण एकाच साच्याचे, वर छोटा मुकुट आणि खाली एक अक्षर. मुकुट आणि बी म्हणजे प्रूफ झालं, मुकुट आणि यू म्हणजे प्रूफनंतर तपासणी झाली, जी म्हणजे नळीत आटे आहेत म्हणजे रायफल, एस म्हणजे छर्‍याची नळी, डब्ल्यू म्हणजे पुढे चोक आहे म्हणजे तोंडाशी नळी थोडी अरुंद आहे, आर म्हणजे दुरुस्तीनंतर पुन्हा प्रूफ. एन हा नायट्रोचा, म्हणजे बिनधुराच्या दारूचा, तो १९११-१२ च्या बदलानंतर आला, त्यामुळे मुकुट-एन दिसला की बंदूक त्यानंतरची, किंवा आधीची असली तरी नंतर परत प्रूफला गेलेली. १९३९ ला नवा कायदा झाला आणि १ एप्रिल १९४० पासून मुकुट जाऊन गरुड आला. गरुडाखाली एन असेल तर बंदूक युद्धकाळातली किंवा त्यानंतरची. आणि हरणाचं शिंग दिसलं तर ते उल्म शहरातलं पश्चिम जर्मनीचं प्रूफ हाऊस, म्हणजे १९५० नंतरचं काम. एक गंमत अशी की मुकुटवाल्या काळात शिक्के सगळ्या गावांत जवळपास सारखेच, त्यामुळे नुसत्या मुकुटावरून गाव कळत नाही, लोक मुकुट बघून "सूल" म्हणून मोकळे होतात ते चूक.

तारीख मिळाली तर लॉटरी. १९२० च्या दशकातल्या थुरिंगियाच्या बंदुकांवर नळीखाली "४ २६" किंवा सलग "४२६" असा आकडा दिसतो, तो एप्रिल १९२६, म्हणजे प्रूफचा महिना आणि वर्ष. याला सिरियल नंबर समजून बसू नका. तसंच प्रत्येक सुट्या भागावर, लॅचवर, ट्रिगर गार्डवर, एकच छोटा दोन-तीन आकडी नंबर असतो, तो बंदूक जुळवताना कुठला तुकडा कुठल्या बंदुकीचा हे कळावं म्हणून टाकलेला.

मग ते विचित्र दशांशाचे आकडे, ११८,३५ किंवा १०८,४९ किंवा ६७,४९, जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम देतात हे आधी लक्षात घ्या. हे नळीच्या आतल्या व्यासाचं माप आहे, आपण बारा बोर म्हणतो त्याच हिशोबाने, त्या नळीच्या मापाच्या गोळ्या एका पौंड शिशातून किती होतील तो आकडा. ११८,३५ म्हणजे ०.३४ इंच, १०८,४९ म्हणजे ०.३५ इंच. असा आकडा असेल तर बंदूक साधारण १८९३ ते १९१२ मधली धरा, कारण नंतर रायफलच्या नळीचं माप मिलिमीटरमध्ये यायला लागलं.

एक उदाहरण घेऊ. ओळखीच्यांच्या घरात एक ड्रिलिंग आहे, वर पट्टीवर ब्रेस्लाऊच्या एका दुकानाचं नाव. नळ्या उतरवल्यावर वरच्या दोन नळ्यांवर मुकुट-एस आणि मुकुट-डब्ल्यू, खालच्या नळीवर मुकुट-जी, सगळीकडे मुकुट-यू, शेजारी मुकुट-एन, गोलात १६ हा आकडा, खालच्या नळीवर ७,८ आणि ५७, मग ४ २६, आणि ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या, अगदी जवळ दोन छोटी अक्षरं, त्यांच्याभोवती काहीच नाही, मुकुट नाही, चौकट नाही. बाजूला मोठ्या अक्षरात क्रुप आणि एसेन. घरच्यांनी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगितलं होतं की ही क्रुपची बंदूक आहे, तोफा बनवणाऱ्या क्रुपची. तर तसं नाही. क्रुपने स्टील दिलं, नळीचं पोलाद, एवढंच. असंच ब्योलर लिहिलेलं असतं ते ऑस्ट्रियन पोलाद, विटेन लिहिलेलं असतं तेही पोलाद. तीन गोल एकात एक अडकलेले दिसले तर तीही क्रुपचीच खूण.

गोलातला १६ म्हणजे सोळा बोर, जर्मनीत हा फार लाडका. ७,८ आणि ५७ वरून लोक लगेच म्हणतात आठ बाय सत्तावन्न, पण इथे जरा थांबा, कारण नळीच्या आतला व्यास ७,८ आणि केसची लांबी ५७ असणारी काडतुसं एकाहून जास्त आहेत, एक आठ बाय सत्तावन्न आयआर आणि दुसरं आठ बाय सत्तावन्न आर ३६०, दिसायला आणि ताकदीला वेगळी. आयआरमध्येही नंतर जाड गोळीचं एस व्हर्जन आलं, ०.३१८ च्या जागी ०.३२३ इंच, ते जुन्या बारीक नळीत घालणं म्हणजे जिवाशी खेळ. सोळा बोरचंही तेच, जुन्या जर्मन चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, ६५ मिलिमीटरच्या, आजची काडतुसं ७० ची. त्यामुळे बंदूक उडवून बघायचा मोह झालाच तर आधी चांगल्या गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून माप घ्या, नाहीतर उडवूच नका.

आता त्या दोन अक्षरांकडे या, कारण मेकर शोधायचा तर सगळ्यात महत्त्वाची तीच. बहुतेक वेळा ही नळ्या करणाऱ्याची आद्याक्षरं असतात, कधी अ‍ॅक्शनवर वेगळी असतात ती अ‍ॅक्शन घासणाऱ्याची. जर्मन बंदुकांचे अभ्यासक गेली अनेक वर्षं अशा आद्याक्षरांच्या याद्या जमवतायत, कुठली अक्षरं कुठल्या बंदुकीवर, कुठल्या तारखेला, कुठल्या दुकानाच्या नावाखाली दिसली असं. एकच अक्षरजोडी दोन माणसांची असू शकते म्हणून तारीख आणि गाव जोडूनच जुळवायची. अमेरिकेतली जर्मन गन कलेक्टर्स असोसिएशन हे काम करते आणि सूलमध्ये शस्त्रांचं म्युझियम आहे, वाफेनम्यूझियम सूल. दोघांना विचारता येतं.

विचारताना मात्र "माझ्या आजोबांची बंदूक आहे, किंमत किती" असं एक ओळीचं मेल टाकू नका, उत्तर येणार नाही आणि आलं तर दोन शब्दांचं येईल. प्रत्येक शिक्क्याचा स्वच्छ फोटो, नळीची लांबी, मापं, पट्टीवरचा मजकूर अक्षर न अक्षर जसाच्या तसा, आणि तुम्हाला काय काय कळलंय ते. म्युझियमला शक्यतो जर्मनमध्ये लिहा, मशीनने भाषांतर केलं तरी चालतं, वाक्यं मात्र छोटी ठेवा. पूर्ण सिरियल नंबर जगभर पसरवू नका, शेवटचे दोन आकडे झाकले तरी काम होतं.

वाचताना एक-दोन अडचणी हमखास येतात. जुनी गॉथिक लिपी असेल तर त्यात लांब एस असतो तो एफसारखा दिसतो, आणि मोठा आय आणि मोठा जे यात फरकच नसतो, म्हणून आय. पी. सॉअर वाचलं तरी तो जे. पी. सॉअरच. यू, ओ, ए वरचे दोन ठिपके सर्चमध्ये टाकून बघा आणि ठिपक्यांच्या जागी पुढे ई लावूनही बघा, दोन्हीचे रिझल्ट वेगळे येतात. गावाचं नाव आजच्या नकाशावर नसेल तर घाबरू नका, ब्रेस्लाऊ आज पोलंडमधलं व्रोत्सवाफ आहे, श्टेटिन म्हणजे श्चेचिन, क्योनिग्सबेर्ग म्हणजे रशियातलं कालिनिनग्राड, दुकानाची माहिती जर्मन आणि नव्या अशा दोन्ही नावांनी शोधायची. गावाचं नाव तारखेलाही मदत करतं. झेला सांक्ट ब्लासी असं लिहिलं असेल तर १९१९ च्या आधीचं, कारण त्या वर्षी झेला आणि मेलिस एकत्र होऊन झेला-मेलिस झालं.

कंपन्यांच्या नावांचंही तसंच. सिमसन हे सूलमधल्या ज्यू कुटुंबाचं नाव, १८५६ पासूनचं, नाझींनी १९३० च्या दशकात कारखाना हिसकावून घेतला, मग १९३६ ला त्याचं बीएसडब्ल्यू झालं आणि नंतर गुस्टलॉफ. त्यामुळे सिमसन लिहिलेली बंदूक एकतर त्या लुटीच्या आधीची, नाहीतर महायुद्धानंतरची, कारण पूर्व जर्मनीत ते नाव परत वापरलं गेलं. सॉअर १७५१ पासूनचे, त्यांची खूण हातात सोटा घेतलेला रानटी माणूस, दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेला एकर्नफोर्डला गेले. हाइम म्युन्नरश्टाटला गेले, क्रीगहॉफ आणि अ‍ॅनशुट्झ उल्मला. एप्रिल १९४५ ला सूलमध्ये अमेरिकन सैन्य आलं आणि जुलैत थुरिंगिया सोव्हिएतांकडे गेलं, या सगळ्या धावपळीत कितीतरी कारखान्यांची रजिस्टरं गेली, म्हणून इंग्लिश बंदुकीसारखं सिरियल नंबर पाठवला आणि कंपनीने गिऱ्हाइकाच्या नावासकट उत्तर दिलं अशी अपेक्षा इथे ठेवू नका. आडनावावर तर अजिबात जाऊ नका. सूलमध्ये मर्केल आडनावाच्या एकाहून जास्त फर्म होत्या, गेब्र्युडर मर्केल वेगळे, ऑस्कर मर्केल वेगळे, आणि विकणारा अर्थातच तुम्हाला पहिलंच नाव सांगणार कारण त्याला भाव आहे. श्लेगेलमिल्श आणि अ‍ॅनशुट्झ यांचंही हेच.

काही नावं तर सरळसरळ व्यापाऱ्यांचीच. गेको म्हणजे गेन्शो, आका म्हणजे अल्ब्रेक्ट किंड, आल्फा म्हणजे हॅम्बुर्गचा अडॉल्फ फ्रँक, हे लोक माल घेऊन विकणारे. आल्फाचा १९११ चा जाडजूड कॅटलॉग परत छापलेला आहे, त्यात आपल्या बंदुकीचं चित्र शोधायला मजा येते आणि त्या वेळी ती काय दर्जाची समजली जायची तेही कळतं.

पेटंटचे शिक्के बघा. डी.आर.पी. म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, १८७७ पासून, आणि त्याचा नंबर असेल तर जर्मन पेटंट ऑफिसच्या देपाटिसनेट या साइटवर मूळ कागद फुकट बघायला मिळतो, चित्रांसकट. डी.आर.जी.एम. हे त्याहून हलकं रजिस्ट्रेशन, ऑक्टोबर १८९१ पासून, तीन वर्षांचं आणि अजून तीन वाढवता येणारं, त्याचे कागद सहसा मिळत नाहीत पण १८९१ नंतरची बंदूक आहे एवढं तर पक्कं होतं. फक्त पेटंट ज्याचं त्यानेच बंदूक बनवली असं नाही. वरखाली नळ्यांच्या बंदुकीत वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना कान असतात आणि ते अ‍ॅक्शनमध्ये जाऊन बसतात, ते केर्स्टेन लॉक, मर्केलने ते खूप वापरलं म्हणून लोक ते दिसलं की मर्केल म्हणतात, वापरायचे मात्र बरेच जण.

जर्मन शिक्केच नसले तर? मग बंदूक जर्मन नसेल कदाचित. लंबगोलात ई, एल, जी आणि खाली तारा असेल तर ती बेल्जियमच्या लिएजची, तिथून स्वस्त माल सगळ्या युरोपात जायचा आणि त्यावर जर्मन दुकानाचं नाव टाकलेलं असायचं. एन, पी, एफ अशी अक्षरं असतील तर ऑस्ट्रियातलं फेरलाख. तिथले कारागीरही ड्रिलिंग आणि डबल रायफल उत्तम करायचे, त्यामुळे फेरलाख निघालं तर वाईट वाटून घेऊ नका.

ठासणीची बंदूक असेल तर सगळं वेगळं. तिथे प्रूफचा काही उपयोग नाही, लॉकच्या पट्टीवर आणि नळीवर सही असते, आणि दोन्ही वेगळ्या असू शकतात, कारण चांगली जुनी नळी नव्या दस्त्यात बसवायची पद्धतच होती, चकमकीच्या दगडावर चालणारी बंदूक नंतर स्फोटक टोपीवर चालणारी करून घेतलेलीही खूप सापडते. रेगेन्सबुर्गजवळच्या कुखेनरॉयटर घराण्याच्या नळ्यांवर घोडेस्वाराचा शिक्का असायचा, त्यांचं नाव एवढं मोठं होतं की त्यांच्या नकलाही निघाल्या, म्हणून घोडेस्वार दिसला की हुरळून जायचं नाही, काम बघायचं. या काळातल्या नावांसाठी १४०० ते १९०० मधल्या बंदुकवाल्यांची डेन्मार्कच्या श्टोकेलने सुरू केलेली आणि हेअरने वाढवलेली तीन खंडांची डिरेक्टरी आहे, महाग आहे, पण कोणा कलेक्टरकडे असली तर त्याच्याकडून एक पान फोटो काढून मागवता येतं. दुकानदार शोधायचा तर जुनी शहरांची अ‍ॅड्रेसबुकं, जेनिऑलॉजी डॉट नेटवर त्यांचा डेटाबेस आहे, त्यात माणूस कुठल्या साली कुठल्या रस्त्यावर होता ते मिळतं आणि कुठल्या सालानंतर गायब झाला तेही.

ब्रेस्लाऊच्या त्या ड्रिलिंगचा हिशोब शेवटी असा लागला: प्रूफ एप्रिल १९२६, तारीख टाकायच्या पद्धतीवरून थुरिंगियाचा पट्टा, पोलाद क्रुपचं, नळ्या त्या दोन अक्षरांच्या कारागिराच्या, विकली ब्रेस्लाऊच्या दुकानाने, बंदूक जुळवली कोणी ते मोकळं. असंच लिहून ठेवा, जे पक्कं ते पक्कं म्हणून आणि जे अंदाजाने ते अंदाज म्हणून, फोटोंसकट, आणि ती एक प्रत लायसन्सच्या कागदांबरोबर फाइलला लावा, म्हणजे पुढच्या पिढीत कोणी परत "क्रुपची बंदूक" म्हणून विकायला काढणार नाही.